एकदाच पाठवलेलं आवतन

माझं काम नेमकं काय आहे हे आमच्या गावात एकट्या माझ्या बाबांना कळलं होतं. कळलं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

जऊळक्याच्या ठेसनावर उतरून आमच्या गावी जायचं तर अजूनही ऑटोवाल्याची मनधरणी करावी लागते. अशा गावातून, सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या घरातून मी कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी गेलं नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही, छाती पुढं काढूनच सांगतो. वाशीमला बारावी, अमरावतीला इंजिनिअरिंग, आता पुण्यात नोकरी. लाज ज्याची वाटते ती गोष्ट वेगळी आहे, पण ती या पुढं काढलेल्या छातीतूनच निघाली.

मागच्या दिवाळीत बाबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मला म्हणाले, "तू करतं काय रे नेमकं? लोक पुसतात तं मी कंपूटर म्हनतो. कंपूटर तं किराण्याच्या दुकानातबी हाय."

मला बरं वाटलं. पुण्यात कोणी हा प्रश्न विचारत नाही, तिथं सगळेच तेच करतात. मी पायरीवर बसलो आणि नीट समजावून सांगितलं. आमची कंपनी इंटरनेटच्या तारेवरून टीव्हीचे चॅनल घरोघरी पोचवते. आता समजा, एकच मॅच हजार घरांना पाहायची आहे. हजार घरांसाठी हजार वेगळ्या प्रती सोडल्या तर तार तुंबते. दवंडीसारखं सगळ्यांच्याच घरात ओतलं तर ज्याला नको त्याचीही तार फुकट भरते. म्हणून तिसरी रीत आहे, तिला मल्टिकास्ट म्हणतात. ज्याला मॅच पाहायची त्याच्या घरातला टीव्हीचा डबा आधी वर कळवतो, 'मला पाहिजे.' गल्लीच्या तोंडाशी एक पेटी असते, ती ते ऐकते आणि तिच्या वरच्या पेटीला सांगते. असं करत ते आमच्यापर्यंत येतं. मग आमच्याकडून मॅचची एकच प्रत निघते. रस्ता एक आहे तोवर एकच जाते. जिथं फाटा फुटतो तिथली पेटी तिच्या दोन करते, पुढच्या फाट्यावर आणखी. ज्या गल्लीत कोणी मागितलं नाही, त्या गल्लीकडं ती वळतच नाही.

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "अन ज्याले पोचली त्यानं 'पोचली' म्हनून सांगा लागते का?"

"नाही. पाठवणारा विचारतच नाही. आपण सोडलं, आपलं काम झालं."

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी अजून विसरलो नाही. "अबे, म्हंजे हे तं आवतन झालं!"

"तसंच समजा," मी म्हणालो.

आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं, पण आमच्याकडं ते नुसत्या बोलावण्यापेक्षा जास्त आहे. कार्याच्या आदल्या दिवशी घरचं माणूस दारोदार जातं, उंबऱ्यावर अक्षिदा, म्हणजे कुंकू लावलेले तांदूळ, देतं आणि काय ते स्पष्ट सांगतं. 'एक माणूस' म्हटलं तर त्या घरातून एकच जण जेवायला येतो. 'चूलबंद' म्हटलं तर त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळे येतात. कार्य आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतंच. पण माहीत असणं वेगळं आणि आवतन असणं वेगळं. शेजारच्या भिंतीपलीकडं बुंदी पडत असली तरी आवतन नसेल तर माणूस तिकडं पाहत नाही.

उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं जमलं. मुलगा कारंज्याकडचा, धनजचा. घरची शेती, माणसं चांगली. साक्षगंध आमच्या दारात करायचं ठरलं. मुलाकडचे लोक येतील, कुंकू लावतील, जेवतील. असे पाहुणे येतात तेव्हा ते नवरीला आधीच पाहून गेलेले असतात. त्या दिवशी ते मांडव पाहतात. मांडवात भावकी किती, गाव किती, बायका किती. मांडव रिकामा दिसला तर वाटेत गाडीतच चर्चा सुरू होते की या घरात काहीतरी वाकडं आहे, कोणी यांच्या दारात येत नाही. एवढ्यावरून मोडलेली सोयरिक आमच्या गावानं पाहिली आहे.

बाबांनी मला फोन केला. "यंदा दारोदार कोनी फिरनार नाई. माहे गुडघे चालत नाईत अन कायले चालवू? माह्या पोराचं कामच हे हाय. तू तिकडून एकदाच पाठव."

मागून मायचा आवाज आला, "अन अक्षिदा मोबाईलवर ठेवतं का?"

"तुले काय समजते त्यातलं," बाबा म्हणाले.

मीही तेच म्हणालो, जरा गोड शब्दांत.

बहिणीनं तिच्या फोनमधले गावातले सगळे नंबर मला पाठवले. मी ऑफिसात बसून एक पत्रिका तयार केली, वर तिचा फोटो टाकला. तिला दाखवली तर म्हणाली, "माहा फोटो कायले टाकला दादा? मी हरवली का?" मी फोटो काढला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'चूलबंद आवतन'. ज्या ॲपवर सगळा गाव रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतो, त्याच ॲपवर एक सोय आहे. एकच निरोप लिहायचा, पाहिजे तेवढे नंबर निवडायचे आणि एकदाच बोट लावायचं. ज्याला मिळतो त्याला तो खास आपल्यालाच आला असं वाटतं. मी बोट लावलं, फोन खिशात टाकला आणि खाली चहाला गेलो. परत उघडून पाहिलं नाही. माझ्या कामात पाठवणारा मागं वळून पाहत नसतो.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी गावात पोचलो तेव्हा मांडव उभा राहत होता. वाशीमचे मंडपवाले चाचा शिडीवरून ओरडले, "आओ इंजिनिअर साब! पूरा गाव येनार म्हनते तुमचे वालिद. माह्याजवळच्या होत्या तेवढ्या कुर्श्या आनल्या, वरून भाईच्याबी आनल्या." बाबा बाजूला उभे होते, नवीन पांढऱ्या टोपीत. त्यांनी मला चाचांसमोर उगाच हाक मारून विचारलं, "पाठवलं ना सगळ्याले?" त्यांना उत्तर नको होतं. चाचांनी ऐकावं एवढंच हवं होतं.

दुपारी आम्ही दोघं चहाच्या कँटिनवर गेलो. बाकावरच्या एकानं विचारलं, "काय भाऊ, मांडव कायले टाकला? सोयाबीन सुकवाले का?"

बाकी लोक हसले. बाबाही हसले. "उन्हाळ्यात सोयाबीन कुठलं रे," म्हणाले. मीही हसलो. परत येताना बाबा म्हणाले, "लोकाईले मस्करीबी सुचते." आम्हाला दोघांनाही ती मस्करीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचाऱ्यानं आलू-वांग्याची भाजी फोडणीला टाकली, बुंदी आदल्या दिवशीच पाडलेली होती. पोळ्या मात्र आमच्याकडं आचारी करत नाही. कार्याच्या घरी गल्लीतल्या बाया सकाळीच आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, गोल करून बसतात आणि पोळ्यांपेक्षा गप्पा जास्त लाटतात. मायनं कणीक मळून ठेवली होती. सतरंजी टाकली होती. सतरंजीवर कोणी नव्हतं.

माय दारापर्यंत जाऊन आली. मग पुन्हा गेली. समोरच्या घरातून धूर निघत होता.

"त्याईची चूल पेटली," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

तेव्हा मी फोन काढला. पाठवलेल्या निरोपाखाली कोणाकोणाला पोचला ते बघायची जागा असते, ती उघडली. घरचे होते. वाशीमला राहणारा माझा एक वर्गमित्र होता, तो नंबर मीच घातलेला. बाकी कोणी नव्हतं.

त्या सोयीची एक अट आहे. समोरच्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला असेल तरच तुमचा निरोप त्याच्याकडं वळतो, नाहीतर वळत नाही, आणि वळला नाही असं कोणी परत येऊन सांगतही नाही. ही अट मला माहीत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. कुठंतरी वाचली होती. पण आपल्याच गावात आपला नंबर कोणाकडं नसेल, हे डोक्यात आलं नाही. नोकरी लागल्यावर मी नंबर बदलला होता. नवा घरी दिला. बाकी कोणाला द्यायचं काही कारण पडलं नाही. ज्या घरातून 'मला पाहिजे' असं आधी आलेलं नाही तिकडं प्रत वळवायची नाही, हे काम मी रोज पगार घेऊन करतो.

आमच्या जाळ्यात आणखी एक रीत आहे, ती मी दिवाळीत बाबांना सांगायची विसरलो होतो. वरची पेटी थोड्या थोड्या वेळानं खाली विचारत राहते, 'अजून आहे का कोणी?' खालून उत्तर येत राहिलं तर प्रवाह चालू. उत्तर बंद झालं की ती वाट पाहते, पुन्हा विचारते, आणि मग ती फांदी निमूट तोडून टाकते. भांडत नाही. गावानंही विचारलं असणारच. 'पोरगा नाई आला का पोयाच्या सनाले?' 'यंदा यात्रेलेबी नाई?' बाबा दर वेळी सांगत असतील, कामात हाय.

मी बाबांना मांडवात एका बाजूला घेऊन गेलो आणि सांगितलं, "कोणालाच गेलं नाही."

"काय गेलं नाई?"

"आवतन."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, वाटीत अक्षिदा घेतल्या आणि दुखऱ्या गुडघ्यानं मोठ्या बाबांच्या घराकडं निघाले. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. ते आले तर भावकी येते. मी मागं मागं गेलो.

मोठे बाबा खाटेवर बसून होते. त्यांनी वाटीकडं पाहिलं, हात पुढं केला नाही.

"कायचं हाय?"

"दादा, पोरीचं साक्षगंध. चूलबंद."

"कवा?"

"आज."

"आज," मोठे बाबा म्हणाले. "आवतन आदल्या दिवशी असते. त्याच दिवशी दारोदार फिरतात थे मयतीचं सांगाले. कोन मेलं तुमच्या घरी?"

मी मध्ये पडलो, "मोठे बाबा, चूक माझी आहे, मोबाईलवरून..."

"तू कोन?" ते म्हणाले. ओळखत होते मला. लहानपणी त्यांच्याच बैलगाडीतून मी शाळेला जायचो. तरी म्हणाले, "तू कोन? माह्या मोबाईलात माह्या भावाच्या पोराचा नंबर नाई, मंग तू कोन?"

बाबांनी वाटी तशीच परत आणली. येताना वाटेतल्या कोणत्याही दारात ते थांबले नाहीत. मयतीचं म्हटल्यावर कसे थांबतील? मांडवात येऊन एका खुर्चीवर बसले. त्या एवढ्या खुर्च्यांमध्ये एकटी भरलेली खुर्ची पाहून चाचा भाजीच्या कढईकडं निघून गेले. थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साब, मागच्या दोन रांगा उचलू का? कमी दिसतील तं बरं दिसेल." माणूस भल्याचंच बोलत होता.

तेवढ्यात धनजवाल्यांचा फोन आला. शेलूबाजारला चहाला थांबलो आहोत, म्हणाले.

बहीण आत तयार होत होती. अर्धी वेणी घातलेली, शालू नेसलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. बाहेर आली आणि बाबांना खुर्चीवर तसं बसलेलं पाहिलं. मी म्हणालो, "थांब, मी करतो काहीतरी. आणखी नंबर काढतो, एकेकाला फोन..."

"तुह्यावालं झालं करून," ती म्हणाली.

तिनं तिचा फोन उचलला. गावातल्या बायांचा बचत गट आहे, त्याचा एक ग्रुप आहे. त्यात प्रत्येक गल्लीतली कोणी ना कोणी बाई आहे, आणि ती आपणहून त्यात आलेली आहे. कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं, कोणाची गाय सुटली, नळ कधी येणार, सगळं त्यावरच चालतं. बहीण त्यात रोज बोलते, रोज उत्तरं देते. माय तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाई, नवरीनं सोताचं आवतन देऊ नाई. लोक नाव ठेवतीन."

"ठेवू दे. नाव ठेवाले तं येतीन ना."

आणि तिनं बोट दाबून धरून बोलायला सुरुवात केली. मला तिचे शब्द आठवतात, कारण ती एकदाही अडखळली नाही. "मी बोलून राह्यली. आज माहं साक्षगंध हाय. आमच्या घरून आवतन द्याचं राह्यलं, चुकलं आमचं. पावने शेलूबाजारले आले. पोया लाटाले कोनी नाई. माहं आवतन मीच देऊन राह्यली, चूलबंद. याचं असन तं या, नाई तं मंग मीच लाटतो शालूवर."

बोट उचललं. गेलं.

मग आम्ही सगळे तिच्या फोनकडं पाहत उभे राहिलो. बाया ऐकत होत्या, ते खुणांवरून कळत होतं. उत्तर मात्र कोणी देत नव्हतं. आमच्या धंद्यातल्या जुन्या रीतीत एका गल्लीतून एकानं उत्तर दिलं की बाकीचे मुद्दाम गप्प बसतात, एकाच्या 'हो' वर सगळ्या गल्लीचं भागतं. पण तो एक तर बोलायला हवा. बहीण उरलेली वेणी घालत होती, आरशात न पाहता.

मग एका म्हातारीचा आवाज वाजला. "पोळपाट कोनाचं आनू? माह्यावालं तुटलं."

बस, एवढंच. पुढं ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही, कारण त्या चालतच आल्या. समोरच्या घरातल्या काकूनं येताना अर्धी भाजलेली भाकर हातात धरली होती; चूल विझवली तेव्हा तव्यावर तेवढी होती म्हणे. मोठी माय आली, मोठ्या बाबांची बायको, आणि सतरंजीवर बसताना मोठ्यानं म्हणाली, "आमच्या घरी चुलीत पानी ओतून आली. बसू दे बुढ्याले उपाशी." बाया हसल्या. बायांच्या मागं लेकरं, लेकरांच्या मागं तोंड वाकडं करून बाप्ये. चूल बंद झालेल्या घरात बाप्ये काय करणार?

धनजची गाडी आली तेव्हा मांडव भरलेला होता. चाचा भाईच्याही खुर्च्या काढत होते.

पण गोष्ट तिथंच सुटली नाही. कुंकवाच्या वेळी नवरदेवाची आई ताट घेऊन बहिणीसमोर बसली. मागून आमच्या गल्लीतल्या एका बाईनं कौतुकानं सांगून टाकलं, "तुमच्या सुनबाईनं सोताच्या साक्षगंधाचं आवतन सोताच देल्लं बरं का! आमाले फोनवर बलावलं तिनं."

नवरदेवाच्या आईचा कुंकवाचा हात थांबला. "असं का," ती म्हणाली. "आमच्यात नवऱ्या बोलत नाईत."

सगळा मांडव ऐकू लागला. बहिणीनं मान खाली घातली. सकाळपासून ती पहिल्यांदाच खाली पाहत होती. मी नेटवर्कमधला माणूस, सगळीकडं एकाच वेळी शब्द पोचवणारा, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. बाबांच्याही निघेना.

मागच्या रांगेतून मोठे बाबा उठले. ते कधी येऊन बसले होते कोणी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आमच्यातबी नाई बोलत, विहीनबाई. पन आज घरातले बाप्ये मुके झाल्ते, मंग पोरगी बोलली. तुमच्या घरचे बाप्ये बोलत असतीन तं नाई बोलनार थे."

धनजच्या बायका हसल्या. विहीणबाईंनी आपल्या नवऱ्याकडं एक नजर टाकली, त्यालाही हसू आलं, आणि कुंकवाचं बोट बहिणीच्या कपाळाला लागलं.

पंगतीत मी वाढत होतो. मोठ्या बाबांच्या पानात बुंदी टाकली तसं त्यांनी वर न पाहता सांगितलं, "तुह्या आवतनानं नाई आलो. पोरीच्या आवतनानं आलो." मी 'हो' म्हणालो आणि पुढच्या पानाकडं गेलो.

त्या दिवसापासून बाबा कँटिनवर माझ्या कामाविषयी काही सांगत नाहीत. आधी सांगायचे, माहा पोरगा एकाचं हजार ठिकानी करते, फाट्याफाट्यावर. आता कोणी पुसलं तर म्हणतात, "कंपूटरमध्ये हाय." एवढंच.

लग्नाचं आवतन द्यायला मी सुट्टी काढून आलो. गाव सगळा पायी फिरलो. दर दारात अक्षिदा दिल्या, दर दारात 'कोन?' ऐकलं, दर दारात बाबांचं नाव सांगितलं. मोठ्या बाबांच्या दारात गेलो तर त्यांनी या वेळी हात पुढं केला, अक्षिदा घेतल्या, आणि खाटेवरचा फोन माझ्याकडं सरकवला.

"टाक तुहा नंबर याच्यात."

मी नंबर टाकला, नावाच्या जागी माझं नाव लिहू लागलो. ते म्हणाले, "त्या नावानं नाई सापडत मले. आवतनवालीचा भाऊ टाक."

गावात बहिणीचं नाव तोवर तेच पडलं होतं. मायनं सांगितलं होतं तसंच, लोकांनी ठेवलं होतं. कोणी कौतुकानं म्हणत होतं, कोणी नाक मुरडून. मी थांबलो. मोठे बाबा वाट पाहत होते. मग मी ते माझ्याच बोटानं लिहिलं. पुढच्या घरच्यांनीही फोन पुढं केला आणि म्हणाले, आवतनवालीचा भाऊ टाक. त्याच्या पुढच्या घरीही.

लग्न झालं. बहीण धनजला गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो.

"दादा," ती हसत होती, "थे नाव माह्या आंधी पोचलं इथं. उंबरा नाई वलांडला तं शेजारीन म्हनते, हेच का थे आवतनवाली? कोन पोचवलं बाप्पा?"

"मी," मी म्हणालो. "गावात सगळ्यांच्या फोनमध्ये मीच टाकलं."

तिचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "चाल, बरं झालं. तुह्या हातानं काई तं पोचलं."

तिच्या मागून कोणी बाई हाक मारत होती. "ओ आवतनवाली, दूध वतू चाललं!"

"आली, आली," बहीण म्हणाली, जसं काही तिचं नाव आधीपासून तेच होतं, आणि फोन बंद झाला.